चार किलोमीटरवरचा माणूस

मी अ‍ॅपवर गेले तेव्हा पस्तीस वर्षांची होते आणि नववी-दहावीला गणित शिकवत होते. माझ्या फोनवर ते अ‍ॅप आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या टीचरने टाकलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तिने माझा फोन घेतला, त्यातले तीन फोटो निवडले आणि विचारलं, "मॅम, उम्र कितनी लिखूँ?"

मी म्हटलं, "तैंतीस."

तिने वर न बघता लिहिलं.

त्याआधी माझ्या लग्नाचं खातं आईकडे होतं. आम्ही उज्जैनच्या माधव नगरात राहतो. खापरपणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आले आणि परत गेले नाहीत, त्यामुळे आमचं सगळं मराठीपण घरात आणि समाजाच्या गणपतीत. आई दर वर्षी समाजाच्या वधू-वर मेळाव्याला माझी माहिती देई. तिथे तीच तीच कुटुंबं भेटायची. सुरुवातीला मुलांचे आईवडील मला बघायचे, मग माझ्या वयाची स्थळंच आपल्या मुलांना घेऊन यायला लागली. आई तरी फॉर्म भरतच होती. "एखादा रिश्ता अटकलेला असतो कुठेतरी," ती म्हणायची.

शिवाय मला मंगळ आहे. उज्जैनमध्ये राहून मंगळ असणं जरा अवघड जातं. मंगळाचं जन्मस्थान आमच्याच गावात मानतात. देशभरातून लोक मंगळनाथला येतात, भातपूजा करतात, घरी जातात आणि त्यांची लग्नं होतात. माझी भातपूजा दोनदा झाली होती. बाबा म्हणायचे, "घर की मुर्गी." ते बँकेतून रिटायर झालेले, फार बोलत नसत.

अ‍ॅपवर पहिल्या आठवड्यात मला नववी 'ब'मधल्या एका मुलीचे वडील दिसले. त्यांनी वैवाहिक स्थितीचा रकाना रिकामा ठेवला होता. पुढच्या पालकसभेत त्यांनी मला मुलीच्या बीजगणिताबद्दल विचारलं, मी सांगितलं, दोघंही टेबलाकडे बघत होतो. मग एक दातांचे डॉक्टर दिसले, ज्यांनी माझी अक्कलदाढ काढली होती. बाकी बरेचसे बाहेरचे. आमच्या गावात अ‍ॅपची एक अडचण आहे, ती कंपनीच्या लक्षात आली नसावी. कोण किती लांब आहे ते अ‍ॅप दाखवतं. दर्शनाला आलेला माणूस इथे दोन किलोमीटरवर दिसतो. तुम्ही त्याला पसंत करता, तो तुम्हाला करतो, नमस्कार होतो, आणि सकाळी तो सहाशे किलोमीटरवर असतो. श्रावणात तर सोमवारी ही संख्या वाढायची आणि मंगळवारी ओसरायची. दोन-तीनदा असं झाल्यावर मी ठरवलं, यात्रेकरू नको.

आसपासच्या तिघांना मी भेटले. एकाने आईने लिहून दिलेले प्रश्न आणले होते आणि उत्तरं तो फोनमध्ये टाइप करत होता. दुसऱ्याला त्याच्या आधीच्या मैत्रिणीबद्दल बोलायचं होतं. मी दोन तास ऐकलं, तो जाताना म्हणाला की हलकं वाटलं. तिसरा इंदूरचा होता. तो मला आवडला. सहा आठवडे आम्ही रोज बोललो, चार वेळा भेटलो, एकदा त्याने माझ्यासाठी शाळेबाहेर पाऊण तास वाट पाहिली. मग एका गुरुवारी त्याने उत्तर दिलं नाही. शुक्रवारीही नाही. मला वाटलं अपघात झाला असेल. पण रविवारी त्याने अ‍ॅपवरचा फोटो बदललेला दिसला, तेव्हा कळलं की तबियत ठीक आहे.

त्या दिवसांत मी पेपर तपासताना एका मुलाला शंभरपैकी एकशे चार दिले. हेडसरांनी बोलावून दाखवलं. मी म्हटलं, बेरीज चुकली. ते म्हणाले, "आपसे?" आणि पेपर माझ्याकडे सरकवला.

त्यानंतर महिन्याभराने अ‍ॅपवर आणखी एक जण दिसला. चार किलोमीटर. फोटोत केळ्यांच्या क्रेटशेजारी उभा होता आणि हसत नव्हता. बाकी सगळे हसत असत. खाली मराठीत एकच ओळ होती: 'केळी पिकवण्याच्या कोल्ड स्टोरेजला नोकरी. अविवाहित.' मला वाटलं इथलाच कोणी असेल, मंडीकडचा. मी पसंत केलं. पाच मिनिटांत मेसेज आला.

"तुम्ही इथल्याच का?"

"हो."

"मग एक विचारायचं होतं. मंगळनाथला या वेळी गर्दी किती असते? आई बरोबर आहे, तिला फार उभं राहवत नाही."

उज्जैनच्या माणसाला रस्ता विचारला की तो सांगतो, हे आमच्या अंगातच आहे. मी लिहिलं की मंगळवार सोडून गर्दी नसते, रिक्षा थेट दारापर्यंत जाते, आणि बसायला बाक आहेत. मग लक्षात आलं की हाही यात्रेकरूच. मी विचारलं, "कुणाची पूजा?"

"माझी. एकोणचाळीस पूर्ण झाली, आई ऐकत नाही. तुम्हाला आहे का मंगळ?"

"आहे. दोनदा पूजा झाली."

"काही फरक?"

"मी अ‍ॅपवर आहे," मी लिहिलं.

त्यावर त्याने 'निघतो' एवढंच लिहिलं. पूजेला उशीर होत असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बघितलं तर अ‍ॅप अडीचशे किलोमीटर दाखवत होतं. मी फोन पालथा ठेवला. पंधरा मिनिटांनी मेसेज आला: "जळगावला पोचलो. आईला बाक मिळाला."

पोचल्यावर कळवणारा हा पहिलाच. मी त्या मेसेजकडे जरा जास्त वेळ बघितलं असेल. मग लिहिलं, "बरं झालं."

पुढचे आठ महिने आम्ही रोज एकमेकांना लिहिलं. त्यात प्रेमाचं असं काही नव्हतं. तो कच्ची केळी आत घेऊन चार-पाच दिवसांत पिकवून बाहेर काढणाऱ्या कोठाराचा मॅनेजर होता. कोणत्या खोलीत किती तापमान ठेवलं, कुठला माल पिवळा झाला, कुठे वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, हे तो लिहायचा. मी कोणत्या वर्गाने प्रमेय उलटं लिहिलं ते लिहायचे. जीवशास्त्राच्या टीचरने एकदा हट्टाने ते सगळं वाचलं. फोन परत देत म्हणाली, "मॅम, ये तो गोदाम का रजिस्टर है." तिचं तेव्हा बंगळूरच्या एकाशी जमलं होतं. त्यांची आवडती गाणी एक, खाणं एक, दोघांकडे मांजर. ते एकमेकांना रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवायचे. मला थोडा हेवा वाटला, नाही म्हणत नाही.

फेब्रुवारीत तो एकटा आला. देवास गेटच्या बसस्टँडला मी त्याला घ्यायला गेले. बसमधून उतरला तेव्हा हातात केळ्यांचं खोकं होतं, सुतळीने बांधलेलं. म्हणाला, "वाटेत थंडी होती, एक दिवस लागेल अजून पिकायला." फोटोतल्यापेक्षा उंचीने कमी होता. मीही फोटोतल्यापेक्षा जाडच होते. आम्ही पोहे-जिलबी खाल्ली. पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला बघून त्याने विचारलं की हे आधीच घालतात का. मग नदीवर जाऊन बसलो. तिथे त्याने सांगितलं की त्याचं एक लग्न झालं होतं. अकरा महिने टिकलं होतं.

मी म्हटलं, "तुम्ही अविवाहित लिहिलंय."

"आधी घटस्फोटित लिहिलं होतं. चार महिने कुणी उत्तर दिलं नाही. मग बदललं."

"आणि आठ महिन्यांत सांगावंसं वाटलं नाही?"

"लिहून सांगायचं नव्हतं. आणि समोर यायला आठ महिने लागले."

"का मोडलं?"

तो नदीकडे बघत म्हणाला, "ती म्हणाली, भिंतीशी लग्न केल्यासारखं वाटतं. मी बोलत नव्हतो फार."

मला एवढा राग आला होता की मी खोकं तिथेच ठेवून रिक्षा केली. रिक्षेत बसल्यावर वाटलं, इंदूरच्याने निदान खोटं काही लिहिलं नव्हतं. घरी आईने विचारलं, तोंड का असं. मी म्हटलं, ऊन लागलं. फेब्रुवारीत.

तीन आठवडे आम्ही काही लिहिलं नाही. म्हणजे त्याने एकदाच लिहिलं, "पोचलो," आणि मी उत्तर दिलं नाही. मग एका रविवारी मी माझंच प्रोफाइल उघडलं, कारण मला ते बंद करायचं होतं. वर माझं वय लिहिलेलं होतं. तेहतीस. ते मी किती सहज सांगितलं होतं ते मला आठवलं. त्यासाठी चार महिने वाट बघावी लागली नव्हती, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी त्याला लिहिलं, "मी छत्तीसची आहे. आता सदतीस होईन."

उत्तर आलं, "माहीत आहे. दहावीला तुमच्या वेळी कोणतं पुस्तक होतं ते तुम्ही सांगितलं होतं. मी हिशेब केला."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये."

म्हणजे सहा महिने याला माहीत होतं. मी विचारलं, बोलला का नाहीत. तो म्हणाला, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल. मग त्याने लिहिलं की खोकं त्याने घाटावरच्या एका बाईला दिलं, केळी वाया गेली नाहीत.

घरी सांगायची वेळ आली. आई भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं: जळगाव, केळी, एकेचाळिसावं लागेल, एक लग्न मोडलेलं. आईने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पण ओळख कुणी करून दिली?"

"कुणी नाही. फोनवर झाली."

"फोनवर कशी?"

मी दाखवलं. आईने चष्मा लावून बघितलं, बोटाने दोन-तीन माणसं सरकवली आणि फोन परत दिला. घटस्फोट, वय, केळी, यातलं काही तिला फारसं लागलं नाही. पण हे लोकांना काय सांगायचं, याची तिला फिकर पडली. रात्रीच्या जेवणापर्यंत तिला उत्तर सापडलं. वाढताना म्हणाली, "तो पूजेला आला होता ना मंगळनाथला?"

"हो."

"मग तिथेच ओळख झाली म्हणायचं. खोटं काय आहे त्यात."

बाबा म्हणाले, "मंगळनाथला दोनदा सांगून ठेवलं होतं. नंबर लागला शेवटी." आणि आमटी मागितली.

त्याच्या आईलाही तेच हवं होतं. आज सहा वर्षांनीही दोन्हीकडे सगळे असंच सांगतात की पूजा फळाला आली. पत्रिका जुळल्या, दोघांना मंगळ, याहून चांगलं काय. अ‍ॅपचं नाव कुणी काढत नाही. मीही काढत नाही, चारचौघांत.

त्याची आई आम्हाला बघायला आली तेव्हा दोन दिवस राहिली. माझं बोलणं ऐकून म्हणाली, "ही हिंदीत मराठी बोलते." मी त्याआधी म्हटलं होतं, "तुम्ही बसा, मी चहा चढवते." चहा ठेवतात, चढवत नाहीत, हे मला सदतिसाव्या वर्षी कळलं. लग्न रजिस्टर केलं आणि घरीच पंगत केली. नोकरी मी सोडणार नव्हते, हे आधीच सांगितलं होतं. त्याने जळगावची सोडली. देवास रोडला एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला जागा मिळाली, पण बटाट्याच्या. पहिल्या महिन्यात मी विचारलं, कसं आहे काम. म्हणाला, "बटाटा काही करत नाही. ठेवला तसा राहतो." केळी सोडल्याचं त्याला वाईट वाटलं होतं, पण तेवढंच बोलला.

आणि मग तो बोलेनासाच झाला. भांडण असं काही नव्हतं. जो माणूस आठ महिने रोज लिहीत होता, तो घरात आल्यावर ताटावर बसायचा, जेवायचा, ताट उचलायचा, टीव्हीवर बातम्या बघायचा. मी शाळेतलं सांगायचे, तो ऐकायचा. काही विचारलं की "ठीक" म्हणायचा. एकदा मी स्वयंपाकघरात होते आणि फोन वाजला. बाहेरच्या खोलीतून त्याने मेसेज केला होता: "आज कंप्रेसर बंद पडला होता. फार ताण आला." मी हात पुसून बाहेर गेले. तो बातम्या बघत होता.

मी म्हटलं, "हे तोंडाने सांगता येत नाही?"

तो म्हणाला, "सांगितलं ना."

हे दीड वर्ष चाललं. मला त्या पहिल्या बाईची, जिला मी कधी बघितलं नाही, रोज आठवण यायची. मग एका शनिवारी मी कपडे पिशवीत भरून आईकडे गेले. आमचं भाड्याचं घर आणि आईचं घर यांत तीन किलोमीटर आहेत. आईला म्हटलं, शाळेत तपासणी आहे, इथून जवळ पडतं. आईने विचारलं नाही की शाळा दोन्ही घरांपासून तेवढीच लांब असताना इथून जवळ कसं पडतं.

अकरा दिवस मी तिथे होते. मेसेज आले, मी उघडले नाहीत. बाराव्या दिवशी संध्याकाळी तो आला. दारात चप्पल काढून उभा राहिला. आईने त्याला आत बसवलं, भाकरी वाढली, बाबांनी त्याला बटाट्याचा भाव विचारला. जेवण झाल्यावर तो मला म्हणाला, "जरा बाहेर येतेस?"

आम्ही कोठी रोडपर्यंत चालत गेलो. तिथे संध्याकाळी लोक फिरायला येतात, मोठी झाडं आहेत दोन्ही बाजूंनी. तो समोर बघत चालत होता. मग म्हणाला, "समोर माणूस बघत असला की माझं तोंड बंद होतं. लहानपणापासून आहे. वडील समोर बसवून पाढे म्हणायला लावायचे. लिहिताना कुणी बघत नाही."

मी म्हटलं, "मी पाढे विचारत नाही."

"तू गणिताची टीचर आहेस," तो म्हणाला.

हे खरं होतं. मी पुढे बघून चालत राहिले. तो पहिल्या लग्नाबद्दल बोलला, त्या बाईला तो आवडायचा, तिने खूप प्रयत्न केले, आणि जाताना ती रडली, तेव्हाही याला बोलता आलं नाही. कोठी नावाच्या जुन्या महालाच्या फाटकापासून परत वळलो, तरी तो बोलतच होता. शेजारी चालताना त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, मीसुद्धा नाही. परत आलो तेव्हा पावणेदोन तास झाले होते. मी पिशवी घेतली आणि आम्ही घरी गेलो.

तेव्हापासून आम्ही सकाळी साडेपाचला फिरायला जातो. मला सकाळी उठायला आवडत नाही. पण बोलायचं असलं की तीच वेळ आहे. घरात तो अजून तसाच आहे. भिंत म्हणणार नाही, पण जवळपास.

मागच्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. तेरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते आणि त्यांची वाचा गेली होती. येणारे नातेवाईक मोठ्याने बोलायचे, जणू त्यांना ऐकू येत नाही, आणि मग आपापसात बोलत बसायचे. हा कामावरून थेट तिथे जायचा आणि खुर्ची बाबांच्या उशाशी, त्यांचं तोंड जिकडे तिकडेच तोंड करून लावायचा, म्हणजे दोघं मिळून समोरच्या खिडकीकडे बघत. तास तास. आईने मला एकदा विचारलं, "हे दोघं काय करतात?" मी म्हटलं, "काही नाही." नवव्या दिवशी बाबांनी पहिला शब्द काढला. मी तिथे नव्हते. त्यानेच मला मेसेज केला: "बाबा 'पंखा' म्हणाले. पंखा बंद केला."

आता बाबा थोडं बोलतात, काठी घेऊन चालतात. हा गेला की आईला हाताने खूण करून विचारतात, कुठे गेला.

जीवशास्त्राच्या टीचरचं बंगळूरच्याशी लग्न ठरलं होतं, साखरपुडाही झाला, आणि पाच महिन्यांनी मोडलं. का, ते तिला अजून नीट सांगता येत नाही. सगळं जुळलं होतं. त्यानंतर ती तीन वर्षं अ‍ॅपपासून लांब राहिली. या जूनमध्ये, शाळा सुरू झाली त्या आठवड्यात, तिने स्टाफरूममध्ये मला विचारलं, "मॅम, सच बताइए, ये चलता है क्या? आपका तो चल गया."

मी तिला म्हटलं की एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही, हे मी नववीला दर वर्षी शिकवते. शिवाय माझ्या उदाहरणात दोघांनी खोटं लिहिलं होतं, तो यात्रेकरू होता आणि मी ठरवलं होतं की यात्रेकरू नको. त्यातून काय शिकायचं ते मलाही कळलेलं नाही. अ‍ॅपने एवढंच केलं की जो माणूस मला आयुष्यात दिसला नसता तो एका दुपारी दाखवला. पुढचं सगळं अ‍ॅपच्या बाहेर झालं.

ती म्हणाली, "मतलब फिर से डालूँ?"

मी म्हटलं, "तुझी तू बघ. पण जेव्हा तो गप्प बसेल तेव्हा कसा असतो, ते बघ जमलं तर. तो रकाना त्यात नाहीये."

ती विचार करत होती तेवढ्यात घंटा झाली. तिचा दहावीला तास होता आणि माझा नववीला. आम्ही दोघींनी डबे बंद केले.